काचा वर

गाडीचा एसी चालू आहे की बंद, हे गाडीत बसलेल्याला कळतं. काचा वर आहेत की खाली, हे अख्ख्या सुलतानपूरला कळतं. म्हणून भर मे महिन्यात आमच्या एसीने मान टाकली, तरी मेहकरच्या बाजूने गावात शिरल्यापासून घराच्या फाटकापर्यंत मी काच इंचभरही खाली घेतली नाही. त्रेचाळीस अंशांत बंद गाडीत बसून चेहऱ्यावर गारव्याचा भाव टिकवणं हे येऱ्यागबाळ्याचं काम नव्हे. टपरीवरून कोणी हात केला की आतून संथपणे हात करायचा. घाम पुसायचा नाही. पुसला की पितळ उघडं. एकदा भुवईवरचा थेंब डोळ्यात उतरला, डोळा आपोआप मिटला, आणि सर बसस्टँडवर कोणाला तरी डोळा मारून गेले ही बातमी माझ्याआधी घरी पोचली.

काच खाली असलेला माणूस गावाच्या ताब्यात असतो. त्याला थांबवता येतं, लोणारपर्यंत सोडा म्हणता येतं, पोराच्या मार्कांबद्दल विचारता येतं. काच वर असली की लोक समजून घेतात. माणूस मोठा झाला, असं म्हणतात. ते कौतुकाने म्हणत नाहीत हे मला ठाऊक आहे, तरी ऐकायला बरं वाटतं.

आता एसी बिघडला तर मेकॅनिककडे जावं. पण मी फिजिक्सचा सर. आयुष्य गेलं ते मुलांना अप्रकट उष्मा, बाष्पदाब आणि उष्मागतिकीचे नियम घोकवण्यात. ज्याने फळ्यावर रेफ्रिजरेटरचं चक्र शेकडो वेळा काढलं, त्याने गॅरेजच्या बाकड्यावर बसून जुना पेपर चाळत वाट बघायची, हे माझ्या पदाला शोभत नव्हतं.

शिवाय माझा एक जुना राग होता. दर एप्रिलला शहरातल्या एका गॅरेजात मी गाडी नेत असे. पोरगा बॉनेट उघडायचा, व्हॉल्व्हच्या तोंडाशी नख लावायचा आणि म्हणायचा, "गॅस संपला सर." मग नळी लावून गॅस भरायचा, पैसे घ्यायचा आणि आश्वासन द्यायचा, "सीझन निघून जाईल." दिवाळीपर्यंत गॅस पुन्हा गायब. अहो, एसीतला गॅस संपत नाही! तो पेट्रोलसारखा जळत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबून तापवतो, पुढच्या कंडेन्सरच्या जाळीत तो उष्णता टाकून द्रव होतो, बारीक छिद्राच्या व्हॉल्व्हमधून सुटला की डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये उकळतो, आणि उकळायला लागणारी उष्णता आपल्याभोवतीच्या हवेतून ओढून घेतो. मग परत कॉम्प्रेसर. रबरी नळ्यांतून वर्षाकाठी थोडाफार झिरपतो तेवढा सोडला, तर तोच गॅस वर्षानुवर्षं फिरायला हवा. दर वर्षी भरावा लागतो याचा अर्थ कुठेतरी गळतंय, आणि ते शोधायची कोणाला गरज वाटत नाही, कारण गळणारी गाडी दर एप्रिलला परत येते.

तर मी सामान मागवलं. मॅनिफोल्ड गेजचा संच आला: निळं घड्याळ कमी दाबाच्या बाजूचं, लाल घड्याळ जास्त दाबाच्या बाजूचं, मधली पिवळी नळी गॅससाठी. आर-१३४ए गॅसचा साडेचारशे ग्रॅमचा डबा आला. डोळ्यांना कॉलेजच्या प्रयोगशाळेतला चष्मा, हातात रबरी हातमोजे, कारण हा गॅस उणे सव्वीस अंशांना उकळतो आणि बोटावर उडाला तर भर उन्हाळ्यात हिमदंश होतो. सुलतानपुरात हिमदंश झालेला पहिला माणूस म्हणून नाव निघालं असतं, पण मला ते दुसऱ्या कारणाने हवं होतं.

अंगणात कडुनिंबाखाली बॉनेट उघडलं आणि गल्ली जमली. मी मनातून याचीच वाट बघत होतो. निळी-लाल घड्याळं बॉनेटला टांगली तेव्हा शेजारचे आबा पुढे सरकून म्हणाले, "सर, गाडीचा बीपी पाहून राह्यले का?"

मी हसलो. पण उपमा चोख होती. वरचा आणि खालचा असे दोन दाब इथेही असतात, आणि त्यावरून इथेही अंदाजच बांधायचा असतो. कडक उन्हाळ्यात एसी चालू असताना निळा काटा साधारण तीस-चाळीसवर आणि लाल दोनशेच्या वर असेल तर प्रकृती बरी. आमचा काटा शून्यावर पडलेला होता.

"मंग संपला का?" आबांनी सहानुभूतीने विचारलं.

"संपला नाही आबा, गळला," मी म्हणालो. मास्तराची खोड जात नाही.

इथे गॅरेजची पोरं थेट डबा जोडतात आणि भरून मोकळी होतात. पण रिकाम्या नळ्यांत हवा शिरलेली असते, हवेत ओलावा असतो, आणि ओलाव्याने आतलं तेल नासतं, व्हॉल्व्हशी बर्फ धरतो. म्हणून आधी पंप लावून आतली सगळी हवा उपसून निर्वात करायचं. याला गॅरेजवाले 'व्हॅक्यूम मारणं' म्हणतात आणि शक्यतो मारत नाहीत. मेहकरच्या एका फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडून पंप उसना आणला होता. तो अर्धा-पाऊण तास घरघरला. निळा काटा शून्याच्याही खाली, पार तळाला गेला. मग मी व्हॉल्व्ह बंद केला, पंप थांबवला आणि जाहीर केलं, "आता अर्धा तास बघायचं. काटा हलला नाही, तर गळती नाही."

न हलणारा काटा बघायला मे महिन्याच्या दुपारी एवढी माणसं जमू शकतात हे मला ठाऊक नव्हतं. बायका ओट्यावर आल्या. एका काकूंनी कापड आणून त्यावरच्या वाळलेल्या कुरडया सोडवायला घेतल्या. पोरं दर मिनिटाला विचारत होती, "हालला का?" आणि आबा दर मिनिटाला सांगत होते, "नाही हालत."

तर तो काटा हलेपर्यंत मी कूलरविषयी बोलून घेतो.

कूलर हा विदर्भाचा खरा गृहदेव. एसी ही यंत्रवस्तू आहे. कूलर हा घरचा माणूस आहे. तो माळ्यावरून किंवा मोरीच्या मागून खाली उतरतो तो साधारण गुढीपाडव्याच्या आसपास, आणि उतरताना कोणाच्या तरी पायावर पडतो. गेल्या वर्षीच्या ताट्यांमध्ये उंदराने संसार मांडलेला असतो. मग बाजारातून वुडवुलच्या नव्या ताट्या येतात, आणि पहिल्या दिवशी त्यांच्यावर पाणी सुटलं की घरभर जो ओल्या लाकडाचा वास पसरतो, त्याची बाटली कोणी काढली तर परदेशात राहणारी अकोला-बुलडाण्याची पोरं पगार ओतून विकत घेतील. कूलरचा पत्रा गंजतो म्हणून त्याला दरसाल रंग, आणि घरात जो रंग उरलेला असेल तोच. आमचा एक कूलर काही वर्षं फाटकाच्या हिरव्या रंगाचा होता, पुढे मंदिराच्या शेंदरी रंगाचा झाला. तेव्हा पाहुण्यांच्या एका लहान पोराने त्याला नमस्कार केला होता.

कूलरमध्ये पाणी टाकण्याची जबाबदारी घरातल्या सर्वांत धाकट्याची, आणि "आधी पिन काढ!" ही ओरड घरातल्या सर्वांत थोरल्याची. ती ओरड गमतीची नाही. ओल्या पत्र्याच्या कूलरचा करंट लागून माणसं गेलेली आपण सगळ्यांनी पेपरात वाचलंय. त्यामुळे बादली घेऊन निघालेल्या पोराला तीन खोल्यांतून तीन जण एकदम ओरडतात, आणि तो दचकून अर्धी बादली गादीवर सांडतो.

पण कूलरची खरी थोरवी लग्नात. मांडवात ते भलेमोठे जंबो कूलर उभे राहिले की पाहुण्यांची प्रतवारी आपोआप लागते. पहिल्या झोतात जावई. जावयाच्या मागे त्याचे वडील, मग पुढारी, मग मामा, आणि मग उतरत्या क्रमाने माणसं जिथं हवा गरम होते तिथपर्यंत. लग्नात कोणाचा मान किती हे पंगतीवरून कळायचे दिवस गेले. आता कूलरपासूनचं अंतर मोजावं. मी स्वतः एका लग्नात कूलरसमोरची खुर्ची मिळवण्यासाठी मुलाकडच्यांचा लांबचा नातेवाईक असल्यासारखा वागलो आहे.

आणि फिजिक्सचं विचाराल, तर एक किलो पाणी वाफ होताना जेवढी उष्णता पिऊन टाकतं, ती एक किलो आर-१३४एच्या सुमारे बारापट असते. बारापट! आमचं साधं पाणी त्या डब्यातल्या महागड्या गॅसच्या बारा पैलवानांना लोळवतं. त्याचं एकच दुखणं: ते एकदाच उडतं, परत गोळा होत नाही, आणि हवेत आधीच दमटपणा असेल तर उडायलाच तयार नसतं. म्हणून मुंबईत कूलरचा निभाव लागत नाही आणि आमच्याकडे लागतो. इथली मे महिन्यातली हवा एवढी कोरडी की तिच्या तोंडासमोर ओली चिंधी धरली तरी ती गार होते. आमच्या गावच्या हायवेवर पूर्वी ट्रकच्या बाजूला कॅनव्हासची छागल लटकलेली असायची. वाऱ्यावर झिरपत झिरपत पाणी गार व्हायचं. अमेरिकेतही वाळवंट ओलांडणारे लोक मोटारीच्या खिडकीला पाण्याचे कूलर टांगत. १९४० च्या मॉडेलच्या पॅकार्ड गाडीत कारखान्यातूनच एसी बसवून मिळू लागला, तर त्याने अर्धी डिकी खाल्ली, आणि तो बंद करायचा तर गाडी थांबवून, बॉनेट उघडून, कॉम्प्रेसरचा पट्टा काढावा लागे. कूलरची निदान पिन काढली की झालं.

"हालला!" आबा ओरडले.

खरंच हलला होता. तळाला गेलेला काटा सावकाश वर सरकत होता. गल्लीने टाळ्या वाजवल्या. सुई हलणं ही वाईट बातमी आहे हे त्यांना सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं.

म्हणजे गळती होती. म्हणजे दर एप्रिलला माझ्या पैशांनी भरलेला गॅस दर वर्षी आकाशात गेला होता. या गॅसचे पूर्वज फार विद्वान होते. थॉमस मिजली नावाच्या अमेरिकन माणसाने १९३० साली शास्त्रज्ञांच्या सभेत फ्रिऑनचा श्वास भरून घेतला आणि तो फुंकून मेणबत्ती विझवून दाखवली: बघा, विषारी नाही, पेटतही नाही! सगळं खरं होतं. पेट्रोलमध्ये शिसं घालायची कल्पनाही याच गृहस्थांची. त्या फ्रिऑनने वर जाऊन ओझोनचा थर विरळ होऊ शकतो, हे १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी सांगितलं, १९८७ मध्ये मॉन्ट्रियलला करार झाला, आणि गाड्यांमध्ये ओझोनला हात न लावणारा आर-१३४ए आला. पण हा साळसूद गॅस उष्णता धरून ठेवण्यात कार्बन डायऑक्साइडला शेकडो योजनं मागे टाकतो. वजनाला वजन लावलं तर सुमारे चौदाशेपट. मी कडुनिंबाखाली एका पाकिटाच्या पाठीवर हिशेब केला. आमच्या गाडीत मावतो चारशे ग्रॅम. तो एकदा उडाला की अर्ध्या टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. तेवढा धूर पेट्रोलने काढायचा तर सुलतानपूरहून मुंबईला चारेकदा जाऊन यावं लागेल. मी मात्र घरात बसून, दर वर्षी, पावती घेऊन काढत होतो. आणि तो उन्हाळा वाढवणार कोणाचा? ज्यांच्या काचा कायम खालीच, त्यांचा.

हे पाकिटावरचं गणित मी लोकांना वाचून दाखवलं नाही. आधी गळती शोधायची होती. संचासोबत मी हिरवा चमकणारा रंग आणि निळ्या प्रकाशाची बॅटरी मागवली होती. रात्री अंधारात शोध घ्यायचा, असा माझा नाट्यमय बेत होता. तेवढ्यात आबांचे जावई पुढे आले.

जावई ट्रकवर असतात. नागपूर-मुंबई. सासरी लग्नाला म्हणून आले होते आणि इतका वेळ मागे दुपट्टा डोक्याला बांधून उभे होते. त्यांनी बॉनेटमध्ये वाकून एकेका सांध्यावरून बोट फिरवलं, कंडेन्सरच्या खालच्या जोडाशी थांबले आणि बोट मला दाखवलं. काळं, ओशट.

"इथून निंगते सर. गॅससंगं तेल बाहीर येते, तेलावर धूळ बसते. आमच्या गाडीचा डिझेल पाइप असाच सापडते."

निळी बॅटरी मी खिशात तशीच ठेवली. जोड उघडला, आतली रबरी रिंग चिरलेली होती. एवढीशी ओ-रिंग. गॅरेजवाल्या पोराने तीन उन्हाळे आधी बोट फिरवलं असतं तर.

रिंग आणायला मेहकरला माणूस गेला तोवर चहा झाला. मी जावयांना विचारलं, तुमच्या गाडीला एसी आहे की नाही. ते हसले. मी पेपरात वाचलेलं होतं: १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या प्रत्येक मध्यम-अवजड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा. ते म्हणाले, "व्हय, आयकलं. माह्या गाडीले नाही लागत तो कायदा. थे जुनी हाये ना." मग सांगत गेले. इंजिन बुडाखाली, पायाशी तव्यावर उभं राहिल्यासारखी आच. काच खाली घेतली तर झळ, वर घेतली तर भट्टी. दर ढाब्यावर दुपट्टा भिजवायचा, तो पुढचा टोलनाका येईपर्यंत वाळायचा. दुपारी झोपायचं तर ट्रकच्या खाली, सावलीत. "रातच्यानं चालवतो उन्हायात. मंग दिवसा झोप येत नाही, आन् राती येते."

शेवटचं वाक्य त्यांनी सहज टाकलं. मी चहाचा कप खाली ठेवला. समृद्धी महामार्ग आमच्या जवळूनच जातो. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये मुंबईच्या बाजूने पूर्ण झाला. त्यावरच्या अपघातांच्या बातम्यांत 'चालकाला डुलकी लागल्याने' हे शब्द आपण इतके वेळा वाचतो की ते शब्द राहिलेच नाहीत. संत्री, कांदे, सिमेंट, आणि आमच्या घरात आलेले ते गेजचे खोकेसुद्धा असाच एखादा माणूस ओला दुपट्टा बांधून घेऊन आला असणार. मालाला गारवा हवा असेल तर रेफ्रिजरेटेड कंटेनर कधीपासून रस्त्यावर आहेत. द्राक्षांना एसी मिळाला, माणसासाठी कायदा करावा लागला, तोही लागू झाला २०२५ साली. याचा मला राग आला, आणि राग यायला मला स्वतःच्या बंद काचेतून इतकी वर्षं काय दिसत होतं, हेही मनात आलं. असो.

रिंग आली. पुन्हा व्हॅक्यूम. या वेळी काटा अर्धा तास खरोखर हलला नाही. प्रेक्षकांना ते फारसं रुचलं नाही. भरताना नवा पेच. एसी बंद असताना गेज बघून गॅस किती आहे ते कळत नाही, कारण आत थोडा जरी द्रव असेल तर दाब फक्त तापमानावर ठरतो. टाकी पाव असो की पूर्ण, काटा तोच. हा धडा मी बारावीला शिकवतो आणि दर वर्षी बारावी तो ऑप्शनला टाकते. म्हणून वजनाने भरायचं. समोरच्या किराणावाल्याचा इलेक्ट्रॉनिक काटा आणला, त्यावर डबा उभा ठेवला. उभाच, आडवा केला तर द्रव थेट कॉम्प्रेसरमध्ये जातो आणि त्याचा जीव घेतो. इंजिन चालू, एसी चालू, निळी बाजू उघडी. किराणावाला स्वतः येऊन आकडे वाचत होता, "पन्नास गेला, शंभर गेला," आणि सवयीने विचारून बसला, "पुढं काय देऊ?"

चारशेला मी व्हॉल्व्ह बंद केला. निळा पस्तीसवर, लाल दोनशे वीसवर. कॉलेजचा थर्मामीटर व्हेंटमध्ये खोचला, नऊ अंश. गल्लीत एक हुंकार उठला. मी चष्मा काढला आणि भाषणाच्या तयारीने घसा साफ केला.

आबा म्हणाले, "आधी जावयाले बसवा. पहिला मान त्यायचा."

योग्यच होतं. कूलर असो वा एसी, झोत जावयाचा. ते संकोचत पुढच्या सीटवर बसले, मी दार लावलं, काचा वर केल्या. त्यांनी व्हेंटकडे तोंड केलं, दुपट्टा सोडला, सीट मागे केली. पाच मिनिटांनी बघितलं तर गाढ झोपलेले.

लोक पांगले. बायकांनी कुरडया उचलल्या. इंजिन चालू, कंडेन्सरचा पंखा भणभणतोय, आतली सगळी उष्णता बाहेर माझ्या पोटऱ्यांवर येतेय, आणि मी फाटकाशी उभा. एका मिनिटाला किती मिली पेट्रोल जळतं याचा हिशेब मला तोंडपाठ होता, पण तो कोणाला सांगावा कळेना. शेवटी मी आबांना हळूच म्हटलं, "आबा, जेवायची वेळ झाली. उठवायचं का त्यांना?"

"जावई हायेत सर. कसं उठवावं?" आबा म्हणाले, आणि काचेतून आत डोकावून बघितलं. "टाकीत किती हाये?"